जुन्या ट्रॅक्टरचे दिवे, डायनामो आणि वायरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, बेळगाव या तालुक्यांत अजून कितीतरी गोठ्यांच्या कडेला एखादा जुना ट्रॅक्टर उभा असतो. इंजिन ठणठणीत, हायड्रॉलिक चालू, पण दिवे कधीचे गेलेले. बॅटरी टिकत नाही, म्हणून रोज रात्री उतारावर लावायचा आणि सकाळी गिअर टाकून सोडायचा. आमच्या आबांचा महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर कित्येक वर्षं असाच उतारावर मुक्काम करत होता. त्याची वायरिंग मी पहिल्या थिंबलपासून (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) शेवटच्या बल्बपर्यंत स्वतः केली. मग पाहुण्यांचे, शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर हाताखालून गेले. तेव्हापासून लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे लिहिलं आहे.

जुना म्हणजे नेमके कुठले ट्रॅक्टर?

ज्यांच्यावर मुळात डायनामो, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र, होता ते. आयशरने १९५९ मध्ये फरीदाबादला ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली, १९६० मध्ये मद्रासला टॅफे उभी राहिली आणि मॅसी फर्ग्युसन आपल्याकडे तयार होऊ लागला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत कंपनी काढली, तिथून बी-२७५ आला. एस्कॉर्ट्सच्या जुन्या ट्रॅक्टरांमागे पोलंडच्या उर्सुसचं तंत्र होतं. एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला झेटरच्या धर्तीवर २५११ काढला.

हा इतिहास वायरिंग करणाऱ्याच्या कामाचा आहे. मॅसी आणि बी-२७५ यांचं मूळ ब्रिटिश, त्यामुळे त्यांची वायरिंग लुकासच्या पद्धतीची. मद्रासला लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये सुरू झाल्यावर तीच पद्धत आपल्याकडे रुजली. पोलिश आणि चेक वंशाच्या ट्रॅक्टरांत रंग, टर्मिनलची नावं, स्विचची रचना वेगळी. एकाचा नकाशा दुसऱ्यावर लावला की दिवसभर डोकं धरून बसावं लागतं.

सुरुवात कुठून करायची? सगळं उपटून नवीन टाकू का?

उपटू नका. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

आधी बॅटरी सोडा. सोडताना बॉडीला गेलेली केबल पहिली काढायची आणि जोडताना तीच शेवटी लावायची. असं केलं की पाना चुकून मडगार्डला टेकला तरी ठिणगी उडत नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांत अंगठी अडकली तर ती क्षणात लाल होते.

मग मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक स्विचच्या मागचे, कटआउटचे (डायनामो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), डायनामोचे, सेल्फचे (इंजिन सुरू करणारी मोटर). प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून पेनाने लिहा : कुठून आली, कुठे गेली. एक संध्याकाळ यात जाते, पण पुढचे चार दिवस वाचतात. आमच्या ट्रॅक्टरवर आबांच्या काळातल्या कापडी वेष्टणाच्या वायरी, त्यावर कुणीतरी घरातल्या फिटिंगची लाल-काळी वायर आणि त्यावर स्पीकरची वायर अशा तीन पिढ्या होत्या. कुठली वायर जिवंत आणि कुठली नुसती लोंबते हे न बघता कापत सुटलो असतो तर मूळ मांडणी कायमची हरवली असती.

आमच्या ट्रॅक्टरला प्लस बॉडीला आहे. हे चुकीचं आहे का?

चुकीचं नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस बॉडीला देण्याची रीत होती, तिला प्लस अर्थ म्हणतात. पुढे जगभर मायनस अर्थ रूढ झाला. त्यामुळे आज तुमच्या ट्रॅक्टरवर यातलं काहीही असू शकतं, मधल्या कुण्या वायरमनने उलटवलेलंही असेल. बॅटरीच्या कुठल्या टोकाची केबल बॉडीला गेली आहे, ते डोळ्याने बघा आणि खडूने मडगार्डच्या आत लिहून ठेवा.

साधे बल्ब, हॉर्न आणि सेल्फ यांना प्लस-मायनसचं काही वाटत नाही. जुन्या पद्धतीच्या सेल्फमध्ये फील्डला, म्हणजे आतल्या स्थिर चुंबकाच्या जागीही, वायरची गुंडाळीच असते, म्हणून बॅटरी उलटी जोडली तरी तो त्याच दिशेने फिरतो. अडचण येते ती एलईडी, अल्टरनेटर (डायनामोच्या जागी आलेलं नवं चार्जिंग यंत्र) आणि टेप यांची. आपल्याकडे ट्रॅक्टरवर गाणी हवीतच. टेपच्या पत्र्याच्या डब्याला आतून मायनस असतो. मी प्लस अर्थच्या ट्रॅक्टरवर तो डबा मडगार्डला थेट बोल्टने आवळला होता, आणि चालू करायच्या आधीच त्याच्या वायरीतून धूर निघाला. तेव्हा फ्यूजही घातला नव्हता.

मायनस अर्थवर यायचं असेल तर बॅटरी फिरवा, अँपिअर मीटरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल करा आणि डायनामोला नवी दिशा शिकवा. त्यासाठी डायनामोच्या लहान म्हणजे एफ टर्मिनलची वायर काढायची आणि बॅटरीच्या जिवंत टोकाकडून आणलेली वायर त्या टर्मिनलला सेकंदभर दोन-तीनदा टेकवायची. बारीक ठिणगी पडते. आतल्या लोखंडात जी थोडी चुंबकशक्ती उरलेली असते ती आता नव्या दिशेने बसते. ही कृती लुकास पद्धतीच्या डायनामोची आहे. ती न करता ट्रॅक्टर चालवला तर डायनामो उलटा करंट काढतो आणि कटआउटचे पॉइंट जळून चिकटतात.

६ व्होल्टची बॅटरी दिसते, पण बल्ब १२ चे आहेत. असं कसं?

शेजारी किंवा सीटखाली दुसरी ६ ची बॅटरी असेल. काही जुन्या डिझेल ट्रॅक्टरांत ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ केलेले असतात. एक खराब झाली तर दोन्ही बदला.

सेल्फ मारला की नुसतं "टक्" होतं. सेल्फ गेला का?

बहुतेक वेळा नाही, आणि तो उतरवून दुकानात न्यायच्या आधी अर्धा तास मल्टिमीटर घेऊन बसावं असं मी कळकळीने सांगेन.

ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून तेवढ्या वेळात पुन्हा बघा. ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी किंवा तिचं चार्जिंग कमी पडतंय. व्होल्टेज टिकून राहतं आणि तरीही सेल्फ फिरत नाही, तर करंट वाटेत अडतोय.

ती वाट मोजता येते. मीटरची एक पिन बॅटरीच्या जिवंत खुंटावर, म्हणजे केबलच्या लगवर (टोकाला दाबलेल्या धातूच्या तुकड्यावर) नव्हे, शिसाच्या खुंटावरच. दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल, लग किंवा सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा जाड स्विच) यांत दोष आहे. हेच बॅटरीचा बॉडीकडचा खुंट आणि सेल्फचं अंग यांच्यात करा. तिथेच सापडतं बऱ्याचदा. बॉडीकडची केबल ज्या बोल्टला आवळलेली असते तिथे गंज, रंग आणि जुनं ग्रीस यांचा थर बसलेला असतो. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, त्याला तो थर भिंतीसारखा.

केबल जाड घ्या, ३५ ते ५० चौरस मिलिमीटरची. स्वस्तात मिळते म्हणून मोटारीची पातळ केबल लावलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. दोनदा सेल्फ मारला की ती हाताला चटका देते. लग नुसता हातोडीने चेपू नका. दाबयंत्रावर दाबून घ्या, किंवा शिसं ओतून झाळून घ्या.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फची दोन टोकं जोडून सुरू करतो. चालेल ना?

नाही. ही सवय माणसं मारते.

तुम्ही चाकाच्या पुढे, जमिनीवर उभे राहून टोकं जोडता. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सेल्फ फिरताच तो पुढे सरकतो, इंजिन लगेच पेटतं, आणि मागचं चाक तुमच्या जागेवरून जातं. बाजूला उडी मारायला वेळ मिळत नाही. हे टाळण्यासाठीच मॅसी ३५ च्या घराण्यात हाय-लो लिव्हर मधल्या 'एस' खुणेवर असल्याशिवाय सेल्फ फिरू नये अशी सोय केलेली असते. तो सेफ्टी स्विच बिघडला की लोक त्याच्या दोन वायरी पिळून एकत्र करतात आणि विसरून जातात. वायरिंग नवीन करताना सगळ्यात आधी ती सोय परत चालू करा. दिवे महिनाभर उशिरा लागले तरी चालतील.

दिवे मिणमिणते आहेत. बल्ब बदलला, बॅटरी बदलली, तरी तसेच. काय करू?

अर्थिंग बघा. जुन्या ट्रॅक्टरच्या दिव्यांचं निम्म्याहून अधिक दुखणं मला इथेच सापडलं आहे.

बल्बपर्यंत करंट वायरीने येतो, पण परत जातो तो पत्र्यातून : दिव्याचा डबा, त्याचा बोल्ट, मडगार्ड, मडगार्डचे बोल्ट, अ‍ॅक्सलची कवची, गिअरबॉक्स, तिथून केबलने बॅटरी. नवा ट्रॅक्टर होता तेव्हा हे सगळे सांधे कोरे होते. साठ वर्षांत त्यात गंज आला, आणि दर दसऱ्याला कुणीतरी मडगार्ड सोडवून वरखाली छान रंग मारला. रंगातून करंट जात नाही. खानापूरकडचे ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीत अ‍ॅक्सलपर्यंत पाण्यात उभे असतात, पावसाळा चार महिने. तिथे तर मडगार्डचे सांधे आतून पोखरून निघतात.

एका शेजाऱ्याने मला तक्रार सांगितली होती, "दिवा लावला की पेटूलाय, ब्रेक मारला की विझूलाय." हे अर्थिंग गेल्याचं पक्कं लक्षण आहे. ब्रेकच्या बल्बला बॉडीतून परतीची वाट मिळत नाही, म्हणून त्याचा करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा वाट काढतो. इंडिकेटर लावल्यावर पार्किंगही लुकलुकतं ते याच कारणाने.

तपासणं सोपं आहे. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या बॉडीकडच्या खुंटाला धरा, दुसरं टोक पेटलेल्या दिव्याच्या पत्र्याला खरवडून टेकवा. प्रकाश एकदम वाढला तर तुमचं उत्तर मिळालं. मीटर असेल तर त्याच दोन जागांमध्ये व्होल्टेज बघा, ०.२ पेक्षा जास्त असेल तर सांधे खराब आहेत.

उपाय म्हणून मी आता पत्र्यावर अवलंबूनच राहत नाही. प्रत्येक दिव्यापासून अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र काळी वायर काढतो आणि सगळ्या गिअरबॉक्सच्या कवचीवरच्या एका बोल्टला आणतो. त्या बोल्टखालचं लोखंड चकचकीत होईपर्यंत खरवडतो, दाते असलेला वायसर घालतो, आवळतो, आणि मग वरून व्हॅसलिन फासतो. हा क्रम महत्त्वाचा. आधी व्हॅसलिन, मग बोल्ट असं नको. प्लस अर्थच्या ट्रॅक्टरवरही ही वायर काळीच ठेवा, काळी म्हणजे बॉडी हे सगळ्यांना कळतं. गोकाक-हुक्केरीकडे वायरमन कन्नड बोलणारा भेटतो, कोगनोळीकडे मराठी; पण करंट, फ्यूज, बॉडी हे शब्द दोघांचे एकच आहेत, आणि काळी वायर दोघांनाही वाचता येते.

वायर किती जाडीची घ्यायची? रंग कुठले?

हिशोब करा. हेडलाइटचा बल्ब ६० वॉटचा असेल तर १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर घेतो, दोन मिळून १०. बॅटरी ते स्विच ते दिवा अशी पाच मीटर वायर धरली आणि ती दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर वाटेतच सुमारे ०.६ व्होल्ट जातात. अडीचची घेतली तर ०.३५. म्हणून हेडलाइटच्या मुख्य वायरीला अडीच, पार्किंग-ब्रेक-इंडिकेटरला एक ते दीड पुरते, आणि डायनामोपासून कटआउट, मीटर आणि बॅटरीपर्यंत चार. घरातल्या फिटिंगची एकसलग तांब्याची तार वापरू नका. ट्रॅक्टर थरथरतो, आणि ती काही महिन्यांत बोल्टजवळ मोडते. बारीक तारांची मोटारीची वायरच हवी.

लुकास पद्धतीचे रंग असे : तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, पांढरी किल्लीनंतरची, निळी हेडलाइटच्या स्विचपासून डिपरच्या स्विचपर्यंतची. तिथून पुढे निळ्यावर पांढरी रेघ अप्पर, निळ्यावर लाल रेघ डिपर. लाल पार्किंग आणि मागच्या दिव्यांची. हिरवी म्हणजे किल्ली आणि फ्यूजनंतरची. डायनामोच्या वायरी आधी पिवळ्या आणि पिवळ्या-हिरव्या असत, नंतर तपकिरी-पिवळ्या आणि तपकिरी-हिरव्या झाल्या. हे रंग बाजारात सगळे मिळतीलच असं नाही. मिळाले नाहीत तर जे वापराल त्याचा कागद करून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. तुमच्यानंतर हा ट्रॅक्टर कुणाच्या तरी हाती जाणार आहे.

पिळलेले जोड आणि वरून चिकटपट्टी हे शेतातल्या रात्रीपुरतं ठीक. कायमच्या जोडाला दाबलेला थिंबल आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी. वायरी एकत्र करून काळ्या नळीत घाला, ती इंजिनच्या कवचीवर टेकू देऊ नका, आणि सायलेन्सरपासून वीतभर लांब ठेवा.

मूळ ट्रॅक्टरला फ्यूजच नव्हते. मग आता कशाला?

मुळात फार थोडे होते, हे खरं. पण तेव्हा वायरी नव्या होत्या. आता एक फ्यूजबॉक्स बसवाच : हेडलाइटला १५ अँपिअर, पार्किंग आणि मागच्या दिव्यांना ५ ते १०, हॉर्न आणि ब्रेकला १०. सेल्फच्या जाड केबलला फ्यूज नसतो. फ्यूज जळला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची पद्धत सोडून द्या. ती वायर जळेपर्यंत जळत नाही, आणि वायरीच्या खाली डिझेलची नळी असते.

डायनामो चार्ज करत नाही. अल्टरनेटर बसवू का?

आधी हे सांगा : मंद गतीवर चार्ज होत नाही, की कधीच होत नाही? डायनामो इंजिन सावकाश फिरताना पुरेसं व्होल्टेज काढतच नाही, कटआउट उघडा राहतो आणि अँपिअर मीटरचा काटा शून्यावर किंवा उलट्या बाजूला असतो. हा दोष नव्हे, त्याचा स्वभाव आहे. थ्रॉटल वाढवल्यावर काटा हलत नसेल तर पुढे वाचा.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबावा. मग लुकास डायनामोची जुनी चाचणी करा. डी (मोठं टर्मिनल) आणि एफ दोन्ही वायरी काढा, दोन्ही टर्मिनल उघड्या तारेने एकमेकांना जोडा, व्होल्टचा मीटर त्या तारेत आणि डायनामोच्या अंगात लावा. इंजिन चालू करून गती हळूहळू वाढवा. काटा न थरथरता सरसर चढला पाहिजे. २० व्होल्टच्या पुढे नेऊ नका. चढला तर डायनामो चांगला आहे, दोष रेग्युलेटरमध्ये (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा डबा) किंवा वायरीत. काहीच नाही दिसलं तर कार्बन ब्रश बघा. अर्ध्या ते एका व्होल्टवर अडकला तर फील्डची गुंडाळी संशयास्पद. ४-५ व्होल्टवर अडकला तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग.

ब्रश झिजलेले असतील तर स्वस्तात सुटलात. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) काळा पडला असेल तर बारीक काचपेपरने साफ करा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक किंचित खोल करा, हॅकसॉच्या ब्लेडची बाजू घासून पातळ केली की ते काम होतं. मागच्या टोकाला तेलाचं बारीक भोक असतं, त्यात इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब. या भोकाकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, मग बुश झिजतो, आर्मेचर घासतं आणि डायनामो "जुना होता, गेला" म्हणून भंगारात जातो. आर्मेचर खरंच जळलं असेल तर ते पुन्हा गुंडाळून मिळतं. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा, मोटार गुंडाळणारे जुने हात दोन्हीकडे आहेत.

रेग्युलेटरचे स्क्रू पिळण्याआधी त्याच्या ई टर्मिनलचं अर्थिंग तपासा. ते सैल झालं की रेग्युलेटरला व्होल्टेज कळत नाही, डायनामो मोकाट सुटतो आणि बॅटरी उकळते. चढ्या गतीवर बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावं.

आता अल्टरनेटरचं. रात्री नांगरणी करत असाल, दोन हेडलाइट, मागे नांगराचा दिवा आणि वर टेप असेल, तर डायनामोचे २० च्या आसपास अँपिअर काठावर येतात. अशा कामाच्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर लावायला माझी हरकत नाही. मायनस अर्थ मात्र पक्का करून घ्या. उलट्या बॅटरीवर त्याचे डायोड लगेच जातात. त्याची जाड वायर सहा चौरस मिलिमीटरची ठेवा आणि ती ३० अँपिअरच्या जुन्या मीटरमधून नेऊ नका. चार्जिंगचा छोटा लाल बल्बही लावा, पुष्कळ अल्टरनेटरांना जागं व्हायला त्याच बल्बमधून करंट लागतो. पण ट्रॅक्टर दिवसाच चालत असेल तर डायनामोच ठेवा. तो घरी उघडता येतो, समजतो आणि दुरुस्त होतो. काढलात तरी विकू नका, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

सकाळी थंडीत हीटर दाबतो, पण इंजिन घेत नाही.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावकडे हीटर खरोखर लागतो. हीटर प्लगला जाड वायर हवी. काही जुन्या इंजिनांत प्लग माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एक तुटला की सगळे थंड. अशा वेळी प्रत्येक प्लग सोडवून मीटरवर बघावा लागतो.

हेडलाइटला एलईडी लावू की जुनेच बल्ब?

आधी डब्यातला आरसा बघा. चांदी उडालेल्या परावर्तकात कुठलाही बल्ब घातला तरी प्रकाश बाहेर येत नाही. त्याच मापाचा नवा संच मिळाला तर जुन्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या कड्यासह बसवा, रूप तसंच राहतं. जुने बल्ब ४५/४० वॉटचे, नवे ६०/५५ चे. जास्त वॉटचा घालणार असाल तर मधे रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) द्या : ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ वर जुना स्विच आणि बॉडी. जुना स्विच मग नाममात्र करंट वाहतो आणि आणखी पन्नास वर्षं टिकतो.

एलईडीचा चौकोनी कामाचा दिवा नांगराकडे, मागे, खाली बघणारा लावला तर उत्तम. १८ वॉटचा म्हणजे जेमतेम दीड अँपिअर. तोच पुढे लावून रस्त्यावर आणणं मला मान्य नाही. त्याला डिपर नसतो, प्रकाशाला वरची कड नसते, समोरच्या दुचाकीवाल्याला काहीही दिसत नाही. शहरातल्या एका दुकानाने आमच्या पाहुण्यांच्या ट्रॅक्टरवर असे चार दिवे बसवून दिले होते. मी ते रस्त्याच्या वायरीवरून काढून शेतातल्या वेगळ्या स्विचवर घेतले.

हेडलाइट भिंतीवर जुळवताना मागे भरलेली ट्रॉली जोडून जुळवा. हुकावर वजन आलं की ट्रॅक्टरचं नाक उचलतं आणि दिवे आभाळाकडे बघू लागतात.

मागचे दिवे आणि ट्रॉली. पुढचं दिसलं की झालं ना?

या प्रश्नावर मला शांत राहता येत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर चार-पाच महिने संकेश्वर, चिकोडी, निपाणी, अथणीचे रस्ते रात्री उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात. दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारी वाडी (उसाचे शेंडे), मागे एकही दिवा नाही. ट्रॅक्टरवाल्याला पुढचं दिसतं, म्हणून त्याला वाटतं सगळं ठीक आहे. मागून येणाऱ्याला दिसतो तो नुसता अंधार, आणि अंधाराच्या आत दोन हातांवर ऊस. टायर फुटून रस्त्यात उभ्या राहिलेल्या अशा ट्रॉलीवर आदळलेली दुचाकी मी डिसेंबरच्या एका पहाटे पाहिली आहे. त्या दिवसापासून वायरिंग करताना मी मागून सुरुवात करतो. आधी शेपटीचे दिवे, मग ब्रेक, मग इंडिकेटर, आणि हेडलाइट शेवटी.

ट्रॉलीचे दिवे टिकत नाहीत याचं मुख्य कारण पुन्हा अर्थिंग. लोक ट्रॉलीचा परतीचा करंट हुक आणि पिन यांच्यातून जाईल असं धरतात. ती पिन सैल असते, ग्रीसमध्ये बुडालेली असते, खड्ड्यात उडते. सात पिनांचा सॉकेट लावा आणि अर्थिंगची वेगळी वायर त्यातून न्या. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ३ नंबरची पिन अर्थिंगची असते : १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ६ ब्रेक, ५ आणि ७ मागचे दिवे. गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांना एकच क्रम ठेवलात तर कुणाचीही ट्रॉली कुणाच्याही ट्रॅक्टरला लागेल. आमच्या गल्लीत आम्ही हे ठरवून केलं. सॉकेटचं तोंड खाली ठेवा आणि झाकण असलेलाच घ्या. ट्रॉलीवर वायर चौकटीच्या आतल्या बाजूने न्या, नाहीतर ऊस उतरवताना ती तुटतेच.

चमकणारी पट्टीही लावा : मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. बॅटरी बंद पडली तरी ती काम करते. वाडी तिच्यावर येणार नाही एवढी खाली लावा, आणि दर आठवड्याला फडक्याने पुसा.

एलईडी इंडिकेटर लावले, ते फार भराभर लुकलुकतात.

जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बल्बच्या करंटवर चालतो. एलईडी इतका कमी करंट घेतो की त्याला बल्ब गेल्यासारखं वाटतं. एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला आणि दुसऱ्या दिवशी सगळं बंद.

पूजेआधी ट्रॅक्टर धुवावा, जरूर धुवावा. पण सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने डायनामो, सेल्फ आणि स्विचच्या पाटीवर पाणी मारू नका. या तिघांवर पॉलिथिनची पिशवी बांधा आणि तिथे ओल्या फडक्याने पुसा. पाणी गेलंच असेल तर सेल्फ मारायच्या आधी दिवसभर उन्हात उभा करा.

उंदरांचंही इथेच सांगतो. गोठ्यात गवताशेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात. ट्रॅक्टर चार-सहा आठवडे उभा राहणार असेल तर बॅटरी सोडून ठेवा. कुरतडलेली वायर बॉडीला टेकली तरी मग आग लागणार नाही.

आरसी नूतनीकरणाला दिवे लागतात का?

हो. नोंदणीची १५ वर्षं संपली की पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी ट्रॅक्टर तपासणीला न्यावा लागतो. केए-२२ (बेळगाव) असो वा केए-२३ (चिकोडी), हेडलाइट, मागचे दिवे, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, सगळं आदल्या रात्री अंधारात तपासून घ्या.

सगळं जोडून झालं. बॅटरी लावायच्या आधी शेवटचं काय तपासू?

बॅटरी थेट जोडू नका. बॉडीकडची केबल मोकळी ठेवा आणि तिच्या व बॅटरीच्या खुंटाच्या मधे इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसह धरा. सगळे स्विच बंद असताना तो पेटायला नको. भरभरून पेटला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने बल्ब विझेल त्या वाटेवर दोष आहे. त्या बल्बने आमच्या ट्रॅक्टरची नवी वायरिंग वाचवली : मडगार्डच्या छिद्रात रबरी बुश घालायचा राहिला होता आणि पत्र्याच्या धारेने वायर सोलली होती.

बल्ब शांत राहिला की केबल आवळा. अंधार पडू द्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट अंगणात आणा, घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवा, आणि तुम्ही पंचवीस पावलं मागे जाऊन रस्त्यावरच्या माणसासारखे उभे राहा. मग हाक मारून ब्रेक दाबायला सांगा.